कलेची सनद

१९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान ज्या गृहस्थांनी भूषविले ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेले नव्हते, ही गोष्ट त्या मंडपात बसलेल्या प्राध्यापकांच्या, मुख्याध्यापकांच्या आणि नावापुढे दोन-दोन पदव्या लावणाऱ्या प्रतिनिधींच्या ध्यानी आली नसेल असे नाही. परंतु ज्याच्या 'गीतरामायणा'साठी उभ्या महाराष्ट्राने आठवड्यामागून आठवडे रेडिओपुढे बैठक मारली होती, त्या गजानन दिगंबर माडगूळकरांकडे गुणपत्रिकेची मागणी करण्याचे धार्ष्ट्य कोण करणार? तेव्हापासून आजतागायत, कलेच्या क्षेत्रात रीतसर शिक्षणाची आवश्यकता आहे काय असा विषय निघाला की, ज्यांना ती आवश्यकता मान्य नसते अशी माणसे गदिमांचे नाव पुढे करतात आणि त्यांच्या पाठोपाठ आर. के. लक्ष्मण यांचे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने लक्ष्मण यांचा प्रवेशअर्ज, त्यांच्या अंगी पुरेसे कौशल्य नाही असे कारण देऊन, फेटाळला होता आणि पुढे त्याच शहरातील एका दैनिकाच्या पहिल्या पानावर त्यांचा चौकड्यांच्या कोटातील सामान्य माणूस अर्धशतक टिकला. एवढी दोन नावे उच्चारली म्हणजे वादाचा निकाल लागला असे समजण्याचा प्रघात आहे.

यवतमाळ जिल्ह्यात मात्र हा प्रश्न पुण्यामुंबईच्या परिसंवादांहून निराळ्या रूपाने उभा राहतो. तिकडे 'कला शिकविता येते काय' असा तात्त्विक वाद रंगतो आणि चहापानाबरोबर विसर्जित होतो. इकडे दारव्ह्याच्या किंवा घाटंजीच्या एखाद्या घरात, कापसाचे चुकारे हाती आल्यावर आणि त्यांतून कृषी केंद्राची उधारी वळती झाल्यावर जे काही उरते त्याच्या आधाराने ठरवावयाचे असते की, बारावी झालेल्या आणि वहीच्या मागच्या पानांवर बैलांची चित्रे काढणाऱ्या मुलाला चार वर्षांच्या बी.एफ.ए.साठी नागपुरास धाडावे, की तलाठी भरतीच्या शिकवणीला बसवावे. शासनाच्या स्वतःच्या चित्रकला महाविद्यालयांसाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यांतले यवतमाळला जवळचे म्हणजे नागपूरचे, तेही सुमारे दीडशे किलोमीटरवर. राज्याचे कलासंचालनालय १९६५ मध्ये अस्तित्वात आले त्या समयी मुख्यमंत्रिपदावर पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते, ही नोंद या जिल्ह्याच्या माणसाने अभिमानाने करावी अशी आहे. त्या अभिमानाने दारव्ह्याच्या पोराचे वसतिगृहाचे भाडे भागत नाही, इतकेच.

परंतु खर्चाच्या हिशेबाकडे वळण्यापूर्वी त्या दोन नावांचा एकदा नीट पंचनामा केला पाहिजे, कारण ज्यांना आपण अशिक्षित प्रतिभेचे दाखले म्हणून पुढे करतो ते बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी शाळेत शिकलेले असतात. गदिमांचे शिक्षण ज्या औंधात झाले ते संस्थान क्षेत्रफळाने चिमुकले होते, पण त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला हाती धरणारे होते; चित्रमय रामायण त्यांनी स्वहस्ते सिद्ध केले होते, आणि त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत वस्तू जमा झाल्या. ज्या गावचा राजा कीर्तन करतो, चित्रे काढतो आणि कलावंताला दरबारी मान देतो, त्या गावात वाढणाऱ्या दरिद्री कुलकर्ण्याच्या पोराला कला ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. पुढे कोल्हापुरास वि. स. खांडेकरांचा लेखनिक म्हणून त्याने मजकूर उतरून घेतला, मास्टर विनायकांच्या कंपनीत किरकोळ कामे केली, आणि पटकथा कशी बांधतात, संवाद कोठे तोडतात, चालीच्या मापात शब्द कसा बसवितात हे सारे तो पगारी उमेदवारीत शिकला. या शिक्षणाची सनद कोणी दिली नाही, म्हणून ते शिक्षणच नव्हते असे म्हणणे हा कागदाला अवास्तव महत्त्व देण्याचाच एक प्रकार आहे, आणि गंमत अशी की तो प्रकार कागदाचे वैरी म्हणविणारेच करतात. लक्ष्मण यांच्याविषयीही तेच. म्हैसूरच्या मुख्याध्यापकाच्या घरी येणारी परदेशी चित्रमय नियतकालिके ज्याने अक्षर ओळखण्यापूर्वी न्याहाळली, आणि ज्याचा थोरला भाऊ आर. के. नारायण होता, त्याची कलाशाळा घराच्या ओसरीवरच भरत होती.

आपल्या जिल्ह्यातही अशी एक ओसरी होती. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, कापसाच्या बाजाराचे आणि कचेऱ्यांचे गाव. या गावी वकिली करणारे नागेश दत्तात्रेय काशाळकर हे पक्षकारांची कामे आटोपल्यावर गाणे घेऊन बसत. गाणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांनी त्याचा अभ्यास मात्र व्यवसायाच्या निष्ठेने केला होता, आणि त्यांच्या अरुण, विकास व उल्हास या तिन्ही मुलांनी शास्त्रीय संगीतात नाव कमावले हे त्या घरातील अध्यापनाचे प्रमाणपत्र मानावयास हरकत नाही. त्यांतील उल्हास काशाळकर यांची वाटचाल आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला फार उद्बोधक वाटते, कारण तीत घर, विद्यापीठ आणि गुरू ही तिन्ही स्थाने एकामागून एक येतात, आणि कोणत्या स्थानी काय मिळते व काय मिळत नाही हे ताडून पाहता येते.

१९५५ साली जन्मलेले उल्हासराव वडिलांपाशी प्रारंभीचे धडे घेऊन नागपूर विद्यापीठात गेले आणि संगीताची एम.ए. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्याच सुमारास नागपुरात राजाभाऊ कोगजे आणि प्रभाकरराव खर्डेनवीस यांच्यापाशी त्यांचे शिक्षण चालले होते. पदवी हाती आल्यावर, सर्वसाधारण न्यायाने, शिक्षण संपावयास हवे होते. येथे ते खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्यांनी राम मराठे यांची तालीम घेतली आणि पुढे गजाननराव जोशी यांच्यापाशी ते दीर्घकाळ शिकले. हे गजाननराव म्हणजे अंतूबुवा जोशांचे चिरंजीव. पितापुत्र दोघेही औंध दरबारचे गवई, म्हणजे ज्या संस्थानाच्या छायेत यवतमाळच्या त्या मॅट्रिक न झालेल्या अध्यक्षांनी अक्षरे गिरविली तेथलेच. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची विद्या गजाननरावांनी एकाच गळ्यात नांदविली होती आणि व्हायोलिनवरही त्यांची हुकमत होती.

एम.ए. झालेल्या गायकास अशा गुरूपुढे बसल्यावर नेमके काय मिळते? विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, समप्रकृतिक रागांतील भेद हे सारे विचारता येते आणि त्याचे उत्तर लिहिताही येते. पण विलंबित तिलवाड्यात आवर्तन संपत आले असता मुखडा कोणत्या मात्रेवर उचलावा म्हणजे सम आपण होऊन पुढ्यात येऊन उभी राहील, हे लिहून सांगण्यासारखे नाही. तेथे शिष्य गाऊ लागतो, अर्ध्यावर गुरू हात वर करतो, तीच जागा स्वतः घेऊन दाखवतो, शिष्य ती पुन्हा घेतो, पुन्हा हात वर होतो, आणि एका मुखड्यापायी सकाळ सरते. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला आणि पाऊण तासाच्या तासिकेला ही चैन परवडणारी नाही. मग ती पदवी व्यर्थ होती काय? मला तसे वाटत नाही. एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबातील तरुणाने वयाची ऐन उमेदीची वर्षे गाण्यात घालवावी यास समाजाची मान्यता लागते, आणि आपल्या समाजात ती मान्यता विद्यापीठाच्या नावाने लवकर मिळते. 'पोरगा गाणे शिकतो' या वाक्याने ज्या आप्तांच्या कपाळी आठ्या पडतात ते 'पोरगा एम.ए. करतो' या वाक्याने निश्चिंत होतात. शिवाय पदवीच्या निमित्ताने पांढरकवड्याचा मुलगा नागपुरास राहतो, तेथील मैफली ऐकतो, आपल्याहून सरस अशा चार समवयस्कांचे गाणे ऐकून अस्वस्थ होतो. पोटापाण्याचा भाग उरतोच. उल्हासरावांनी काही काळ आकाशवाणीत अधिकारी म्हणून नोकरी केली, आणि अशा नोकरीच्या अर्जावर घराण्याचे नाव लिहिण्यास रकाना नसतो, पदवीस असतो. १९९३ पासून ते कोलकात्याच्या आय.टी.सी. संगीत संशोधन अकादमीत गुरू म्हणून राहिले, २०१० साली त्यांस पद्मश्री मिळाली. ती अकादमी म्हणजेही एक मौजेचा मिलाफ आहे : कंपनीचा पैसा, संस्थेची शिस्त, आणि आत मात्र गुरूच्या सहवासात राहून घ्यावयाची जुनी तालीम.

संगीतात हा तंटा जुना आहे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत बांधून छापल्या, तेव्हा उस्तादांनी नाके मुरडली होतीच. भातखंडेही मूळचे वकील. कायद्याचा अभ्यास आणि रागाचा अभ्यास यांचे या प्रांती काही गूढ सख्य असावे. 'विशारद' झालेला प्रत्येक जण गवई होत नाही हे खरे, पण त्या परीक्षांनी तालुक्याच्या गावी पेटी-तबल्याचा वर्ग उभा केला, तेथील मुलींना घराबाहेर पडून गाण्यास निमित्त दिले आणि मैफलीस कान तयार असलेला श्रोता दिला. एवढ्याने त्यांचे सार्थक झाले.

चित्रकलेकडे वळले की दृश्य बदलते, कारण तेथे पोटाचा प्रश्न अधिक उघडा आहे. फ्लेक्सचे छापखाने येण्यापूर्वी यवतमाळ, पुसद, वणी या गावांच्या बाजारपेठेत 'पेंटर' नावाची एक प्रतिष्ठित जमात होती. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे मालकाचे नाव, निवडणुकीची भिंत, शाळेच्या आवारातील नेत्यांच्या तसबिरी ही सारी तिची कामे. खडूच्या भुकटीत घोळलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरावयाचा, मध्ये चिमटीत उचलून सोडावयाचा आणि भिंतीवर पांढरी सरळ रेघ उमटली की तिच्या आधाराने, शिरोरेघेपासून खाली, चपट्या ब्रशने अक्षर उतरवावयाचे. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची जागा आधीच मनात मोजून ठेवावयाची, नाहीतर 'ज्ञानेश्वर जनरल स्टोअर्स'मधील शेवटचा 'र्स' गटारावर जातो. ही विद्या उस्तादाकडे डबे धुऊनच हस्तगत होई. परंतु यांतील पुष्कळांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असत, आणि त्या परीक्षेतील भूमिती व अक्षरलेखनाची, मुलांना हमखास कंटाळवाणी वाटणारी, प्रश्नपत्रिका त्यांना आयुष्यभर भाकर देत असे. फ्लेक्स आला आणि ही जमात बहुतांशी विरून गेली. जे तगले त्यांत संगणकावर अक्षरजुळणी आणि मांडणी शिकून घेणारे होते, शाळेत नोकरी मिळालेले होते आणि मूर्तिकामाकडे वळलेले होते. उस्तादाने एक धंदा उत्तम शिकविला होता. तो धंदा बुडाल्यावर दुसऱ्यात हात घालता येण्यासाठी जी सर्वसाधारण चित्रविद्या लागते, ती ज्याच्यापाशी होती तो सावरला, असे माझे निरीक्षण आहे.

मूर्तिकामाचा उल्लेख झाला आहे तर यवतमाळच्या दुर्गोत्सवाविषयी न बोलून चालणार नाही. कोलकात्याच्या खालोखाल आमचाच, असे यवतमाळकर छाती काढून सांगतात. तुलना बाजूस ठेवली तरी नवरात्रात या शहराचे रूप पालटते आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसे रात्र-रात्र देवी पाहत हिंडतात, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. त्यापूर्वीचे दोन-तीन महिने मूर्तिकारांच्या ताडपत्रीच्या मांडवांत जे चालते ती एक कलाशाळाच होय. बांबू-लाकडाच्या सांगाड्यावर तनसाचे पेंढे सुतळीने आवळून आधी देह उभा होतो. त्यावर मातीचे लिंपण. ते सुकताना भेगा पडतात, त्या फडक्याने आणि पातळ मातीने बुजवावयाच्या. मग रंग, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. धाकट्या पोराच्या हाती प्रथम माती मळणे येते, नंतर बोटे, नंतर दागिने; चेहऱ्यापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात आणि डोळे तर मालकच काढतो, तेही मांडवातली वर्दळ थांबल्यावर. अशा एका मांडवात मी 'हे कोठे शिकलात' म्हणून विचारले तेव्हा त्या वयस्क कारागिराने मान वर न करता, 'शिकाले कोठी गेलो जी, बाबूच्या मांगं मांगं रायलो,' असे उत्तर दिले. त्याच मांडवात त्याचा मुलगा मोबाइलवर बंगाली मूर्तीचे छायाचित्र मोठे करून सिंहाच्या मागच्या पायाची ठेवण न्याहाळीत होता आणि बापाशी वाद घालीत होता. वाद शरीररचनेचा होता : गुडघा कोणीकडे वाकतो याचा. बापापाशी पन्नास सिंहांचा अनुभव होता, पण जिवंत जनावराचा सांगाडा समोर ठेवून कोणी त्यास कधी समजावले नव्हते. कलाशाळेच्या पहिल्या दोन वर्षांत जे शिकवितात ते हेच, आणि त्या मुलाला ते हवे आहे हे त्याला स्वतःला कळले होते. बाकीचे जे त्या शाळेत मिळणार नाही, ते त्याच्या घरी होतेच.

या जिल्ह्यात अशी 'घरची शाळा' आणखीही आहे, पण तिला शाळा म्हणण्याची आपली तयारी नसते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम पोडांवर बांबूची टोपली आणि तट्टे विणणारे हात आहेत, दिवाळीच्या सुमारास दंडारीचा डफ घुमतो. दिग्रस-पुसदकडील तांड्यांवर फेटिया आणि कांचळीवर आरसे-कवड्यांचे भरतकाम करणाऱ्या बंजारा आजीबाई आहेत. गोंडांची वंशकथा गाणारा परधान समाज तर या जिल्ह्यात फार मोठ्या संख्येने आहे. याच परधानांपैकी मध्यप्रदेशातील पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा तरुण घराच्या भिंतीवर चित्रे काढीत असता १९८०च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या भोपाळच्या मंडळींच्या दृष्टीस पडला. भारत भवन या नव्या संस्थेने त्याला कागद दिला, रंग दिले, बसावयास जागा दिली आणि दरमहा वेतन दिले. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात लागली. २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला, परंतु त्याच्यामागे त्याच्या गावातील कितीतरी घरे चित्रांवर जगू लागली. जनगढ कोणत्याही महाविद्यालयात गेला नव्हता, हे सांगून पदवीविरोधक टाळी घेतात. पण संस्थेवाचून तो जनगढ झाला असता काय, याचे उत्तर देत नाहीत. यवतमाळच्या परधानाची किंगरी आणि कोलामाची दंडार यांच्या दारी कोणताही स्वामिनाथन आला नाही. गुण उणा होता म्हणून असे घडले, हे मला पटत नाही.

नागपूरच्या कलाशाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांत मंडला जिल्ह्यातील वनखात्याच्या एका अधिकाऱ्याचा मुलगा होता, सय्यद हैदर रझा. १९३९ ते १९४३ तो नागपुरास शिकला, तेथून जे. जे.त गेला, १९५०मध्ये पॅरिसला. या थोर चित्रकाराचे चरित्र सांगताना लोक जे. जे. आणि पॅरिस यांवर रेंगाळतात. रझा स्वतः मात्र जन्मभर ककैया गावच्या प्राथमिक शाळेतील नंदलाल झारिया या मास्तरांचे नाव घेत राहिले, ज्यांनी चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले होते. पुढे त्या बिंदूची चित्रे कोट्यवधी रुपयांस गेली हा बाजाराचा भाग सोडून देऊ. जंगलाच्या कडेच्या एका खेड्यात मुलाकडे लक्ष देणारा मास्तर होता, हा भाग सोडता येत नाही.

आणि नेमका तोच मास्तर आज दिसेनासा होत चालला आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच, आणि तीही अंशकालीन. ज्या जिल्ह्यात पोड आणि तांडे विखुरलेले आहेत, त्या जिल्ह्यातील किती जिल्हा परिषद शाळांचा वरचा पट शंभरापलीकडे जात असेल याचा अंदाज कोणीही करावा. परिणामी रेखाकला परीक्षांना मुले बसतात ती मुख्यत्वे मोठ्या गावांतील मोठ्या शाळांची. आणि त्यांतलीही बरीच दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी, 'अ' श्रेणीस ७, 'ब' श्रेणीस ५, 'क' श्रेणीस ३. गुणांच्या मोहाने का होईना, वस्तुचित्रासाठी मांडलेली तांब्या-वाटी ही मुले तीन तास डोळे भरून पाहतात, याचे मला समाधान आहे. ज्यांना तेही नाही अशी मुले पुढे बारावीनंतर बी.एफ.ए.च्या सामायिक प्रवेश परीक्षेस बसतात तेव्हा वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हे शब्दच त्यांना नवे असतात, आणि त्यांच्या शेजारी शहरातील शिकवणीवर्गात वर्षभर तयारी केलेला मुलगा बसलेला असतो.

तेव्हा दारव्ह्याच्या त्या बापाने मला विचारलेच तर मी त्यास गदिमांचे नाव सांगणार नाही आणि रझांचेही नाही. मी त्याला इतकेच विचारीन की, घरी कोणी शिकविणारे आहे काय, गावात उस्ताद आहे काय. असेल, तर पोराला आणखी दोन वर्षे त्याच्यामागे हिंडू द्यावे, नागपूर कोठे पळून जात नाही. नसेल, तर कर्ज न काढता जेवढे जमेल तेवढे करून त्याला नागपुरास धाडावे, आणि पदवीच्या कागदावर नोकरी मिळेल या आशेवर धाडू नये. कलाशिक्षकाच्या जागा किती निघतात हे त्यानेच शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन एकदा विचारून यावे. आणि धाकटा मुलगा अजून पाचवीत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढल्या बैठकीत पोषण आहार आणि संरक्षक भिंत हे विषय संपल्यावर, चित्रकलेच्या तासाला कोण येते, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.